दुधावरचा संशय

मानपाडा नावाची दोन ठिकाणं ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रोडवर, दुसरं डोंबिवलीला खेटून कल्याण-शीळ रस्त्यावर. दोन्हीकडच्या बाळंतिणीला छातीत गाठ लागली, तर घरातली मोठी बाई सहसा एकच सांगते : ‘दुधाची गाठ आहे, शेक दे, बाळाला पाजत राहा, जिरेल.’ बहुतेक वेळा ती खरोखरच जिरते. जी जिरत नाही, तिच्यासाठी ठाण्याच्या मानपाड्याहून लोक लोकल धरून परळला ‘टाटा’त जातात. डोंबिवलीच्या मानपाड्याहून शीळफाटा, तळोजा करत ‘टाटा’चंच खारघरचं केंद्र गाठतात. गरोदरपणाचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा नेमका संबंध काय, या प्रश्नाच्या इतिहासातली काही महत्त्वाची पानं परळ आणि खारघर याच दोन ठिकाणी लिहिली गेली आहेत, हे मात्र त्या रांगेत बसलेल्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

साधारण तीन हजार गरोदर बायकांमागे एकीला हा आजार होतो. आकडा लहान आहे, पण कोडं मोठं आहे. लहान वयात मूल झालेल्या बाईला आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता कमी असते, हे पक्कं ठाऊक आहे. आणि बाळंतपणानंतरची काही वर्षं हीच शक्यता वाढलेली असते, हेही तितकंच पक्कं आहे. एकच घटना राखणही करते आणि घातही. हे कसं, ते समजायला जवळपास तीनशे वर्षं लागली.

सुरुवात इटलीत झाली. पादुआचा वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानं अठराव्या शतकाच्या आरंभी, व्यवसायांमुळे होणाऱ्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं, की मठांतल्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग फार दिसतो. कारण त्याला सांगता आलं नाही. पण मूल न होणं आणि हा आजार यांची सांगड तिथे पहिल्यांदा कागदावर आली.

पुढचं पाऊल मेंढ्यांच्या कळपातून आलं. स्कॉटलंडच्या जॉर्ज बीटसन या डॉक्टरनं तरुणपणी मेंढपाळांच्या शेजारी राहून दूध उतरण्याच्या क्रियेचा अभ्यास केला होता. व्यायल्यानंतर गाईची बीजकोशं काढली तर ती जास्त दिवस दूध देते, असा गुराख्यांचा अनुभव त्याच्या कानावर आला. शरीराचा एक भाग दुसऱ्या लांबच्या भागावर हुकमत चालवतो, हे त्यानं त्यातून ताडलं. 1896 साली त्यानं ‘लॅन्सेट’मध्ये जाहीर केलं, की पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या एका 33 वर्षांच्या, दोन मुलांच्या आईची बीजकोशं काढल्यावर तिच्या गाठी विरघळल्या. हॉर्मोन हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता.

मग उंदीर आले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी या गावी ॲबी लॅथ्रॉप नावाची निवृत्त शाळामास्तरीण हौशी लोकांना विकायला रंगीत उंदीर पाळत असे. काही उंदरांच्या अंगावर फोड दिसू लागले, तेव्हा गप्प न बसता तिनं ते शास्त्रज्ञांकडे पाठवले. लिओ लोब या विकृतिशास्त्रज्ञानं ते स्तनाचे कर्करोग असल्याचं ओळखलं. पुढे दोघांनी मिळून प्रयोग केले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलं, की मादीची बीजकोशं लवकर काढली तर कर्करोग कमी होतो आणि पिल्लं होत राहिली तर वाढतो. या बाईकडे पदवी नव्हती, पण वंशावळीच्या नोंदी होत्या. कर्करोगाच्या संशोधनात नोंदवही किती कामाला येते, याचा हा पहिला दाखला म्हणायला हरकत नाही.

इकडे दवाखान्यांत चित्र काळवंडलेलं होतं. गरोदर बाईचा कर्करोग झपाट्यानं वाढतो आणि तिला वाचवता येत नाही, ही समजूत एकोणिसाव्या शतकापासून शल्यचिकित्सकांत घट्ट होती. 1943 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या कुशमन हागेनसन आणि आर्थर स्टाउट यांनी स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया कुणावर करू नये याचे निकष छापले. त्यांत गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई सरसकट होती. दोघेही त्या काळातले नावाजलेले जाणकार, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. हागेनसननं हे मत पुढे बदललं खरं, पण छापलेला निकष मागे घेतला म्हणून त्याची भीती लगेच जात नाही.

अगदी त्याच सुमाराला परळला एक वेगळीच तयारी चालू होती.

28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. रुग्णालय म्हणजे केवळ खाटा नव्हेत, तिथे प्रश्न विचारणारी माणसं हवीत, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या हाताखाली एक तरुणी रुजू झाली : पुण्यात 8 नोव्हेंबर 1917 रोजी जन्मलेली, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेली कमल समर्थ. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, ही त्यांची इच्छा. मुलीनं दोन्ही ऐकलं नाही. 1939 मध्ये तिनं गणिती ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं, मुंबईला आली आणि पेशींच्या अभ्यासाकडे वळली.

कमल रणदिवे यांनी निवडलेला विषय साधा वाटतो, पण त्यात धूर्तपणा होता. गाठ झालेल्या उंदरांकडे सगळेच बघत होते. त्यांनी स्तनाच्या कर्करोगाला कमी-अधिक बळी पडणाऱ्या उंदरांच्या वेगवेगळ्या जाती घेतल्या आणि त्यांच्या निरोगी स्तनग्रंथींची तुलना केली. गाठ व्हायच्या आधी तिथे काय वेगळं असतं, असा तो सवाल होता. 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या शिष्यवृत्तीवर बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. पेशी शरीराबाहेर काचेच्या नळीत जगवण्याचं तंत्र गाय यांच्याइतकं कुणालाच अवगत नव्हतं. ते शिकून त्या परतल्या. 1952 मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं आणि तिथे त्यांनी देशातली ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा थाटली.

तेव्हा जगभर संशय होता तो दुधावर. बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत 1933 मध्ये एक विचित्र गोष्ट लक्षात आली होती. जास्त कर्करोग होणाऱ्या जातीची आई आणि कमी होणाऱ्या जातीचा बाप, यांच्या मुलींना खूप गाठी होत. उलट जोडी लावली की फार कमी. म्हणजे दोष वारशात असला, तरी तो आईकडूनच जात होता. जॉन बिटनरनं 1936 मध्ये पिल्लं जन्मताच आईपासून तोडून दुसऱ्या जातीच्या दाईच्या अंगावर लावली आणि त्यांच्या गाठी घटल्या. आईच्या दुधातून काहीतरी उतरत होतं. तो विषाणू असावा हे बिटनरला कळत होतं, पण त्यानं जपून ‘दुधातला घटक’ एवढंच म्हटलं. विषाणू म्हटलं असतं तर अनुदानाचे अर्ज नादान समजून बाजूला पडले असते, असं तो पुढे म्हणाल्याची नोंद आहे.

हा प्रयोग हाताळायला फार नाजूक असतो. जन्मलेलं उंदराचं पिल्लू लालसर आणि इतक्या पातळ कातडीचं असतं, की पोटात गेलेलं दूध बाहेरून पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. ठिपका दिसला की पिल्लू बाद, कारण एक घोट पुरेसा असतो. म्हणून मादी विण्याच्या वेळेवर टपून बसायचं आणि आईनं जवळ घेण्याआधी पिल्लं उचलायची. मग दाईनं ती स्वीकारावी यासाठी खटपट, आणि नंतर या पिल्लांतल्या माद्या म्हाताऱ्या होईपर्यंत वाट. शोधनिबंधातल्या एका तक्त्यामागे अशी दोन-दोन वर्षं दडलेली असतात.

रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळला उंदरांवर केलेल्या कामातून एक सूत्र पुढे आलं : एकटा विषाणू पुरत नाही, एकटं हॉर्मोन पुरत नाही आणि एकटा वारसाही पुरत नाही. गाठ त्यांच्या संगनमतातून होते. त्या काळी प्रत्येक पंथाला आपलाच आरोपी खरा वाटत होता, त्यामुळे हे म्हणणं कुणालाच फारसं सोयीचं नव्हतं.

ते किती नेमकं होतं हे तीस वर्षांनी रेणूंच्या पातळीवर दिसलं. उंदराच्या त्या विषाणूच्या जनुकसाखळीच्या टोकाला एक कळ असते आणि ती आईच्या शरीरातल्या स्टेरॉइड हॉर्मोननी दाबली जाते. त्यामुळे गरोदरपणात आणि दुधाच्या दिवसांत विषाणू उसळतो आणि दुधात उतरतो. शिवाय तो पेशीच्या जनुकांमध्ये घुसून बसतो. 1982 मध्ये रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी तो कुठे घुसतो ते शोधलं, तेव्हा त्यांना एक जनुक सापडलं. ते आज ‘डब्ल्यूएनटी-1’ म्हणून ओळखलं जातं आणि गर्भाच्या घडणीपासून कर्करोगापर्यंत सगळीकडे त्याच्या कुळाचा हात दिसतो.

पण माणसाच्या दुधात असा विषाणू आहे का? हा प्रश्न पुन्हा मुंबईला आला, तो पारशी समाजामुळे. परळच्या डॉक्टरांना पूर्वीपासून दिसत होतं, की मुंबईतल्या इतर बायकांच्या मानानं पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग जास्त आहे. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकारानं 1963 पासून मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी सुरू झाली, ती भारतातली पहिलीच. त्या नोंदणीनं या अंदाजाला आकड्यांचा आधार दिला. पारशी उशिरा लग्न करत, त्यांना मुलं कमी होत आणि लग्नं समाजातच होत. म्हणजे हॉर्मोन म्हणावं तर तेही कारण, आणि वारसा म्हणावा तर तोही.

न्यू जर्सीतल्या कॅम्डनचे डॅन मूर यांनी पारशी मातांचं दूध मागवलं. मुंबईच्या बाजूनं ‘टाटा’चे शल्यचिकित्सक डॉ. पेमास्टर आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या जाणकार डॉ. सत्यवती शिरसाट हे त्या कामात होते. 1971 च्या ‘नेचर’मधल्या निबंधात अमेरिकी आणि मुंबईकर नावं शेजारी छापून आली. उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण त्यांना पारशी मातांच्या दुधाच्या 39 टक्के नमुन्यांत आढळले. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झालेला असलेल्या अमेरिकी बायकांच्या दुधात हे प्रमाण 60 टक्के होतं आणि तसा इतिहास नसलेल्यांत 5 टक्के. त्याच वर्षी सोल स्पीगलमन यांच्या गटानं या कणांत विषाणूंमध्ये असतं तसं एक एन्झाइम असल्याचं सांगितलं. वर्षअखेर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कर्करोगाविरुद्धच्या कायद्यावर सही केली. विषाणू सापडला, आता लस येणार, अशी हवा होती. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी मुलीला अंगावर पाजावं का, अशी धास्तीही निघाली.

हे सगळं टिकलं नाही. जास्त नमुने तपासले तसे आकडे विस्कटले. दुधात पेशींचे तुकडे आणि चरबीचे गोळे असतातच आणि त्यांतले काही मायक्रोस्कोपखाली विषाणूसारखे भासू शकतात. उंदराच्या बाबतीत खरं ठरलेलं माणसात सिद्ध झालं नाही. 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा एकत्रित हिशेब आला. त्यात दर बारा महिन्यांच्या अंगावर पाजण्यामागे स्तनाच्या कर्करोगाची शक्यता 4.3 टक्क्यांनी घटते, आणि प्रत्येक बाळंतपणामागे आणखी 7 टक्क्यांनी, असं दिसलं. आरोपी म्हणून उभं केलेलं दूध निर्दोष तर ठरलंच, वर पहारेकरी निघालं.

तरी मूळ कोडं शिल्लक होतं. 1970 मध्ये हार्वर्डच्या ब्रायन मॅकमेहन यांच्या गटानं बॉस्टनपासून टोकियोपर्यंत सात ठिकाणच्या बायकांची माहिती जुळवून दाखवलं, की पहिलं मूल अठराच्या आत झालेल्या बाईला धोका पस्तिशीनंतर पहिलं मूल झालेल्या बाईच्या सुमारे एक तृतीयांश असतो. पण पस्तिशीनंतर पहिलं मूल झालेल्या बाईचा धोका मूलच नसलेल्या बाईपेक्षाही जास्त निघाला. 1994 मध्ये स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींतून बाळंतपणानंतरची तात्पुरती वाढ स्पष्ट झाली. 2019 मध्ये पंधरा अभ्यासांतल्या जवळजवळ 9 लाख बायकांचा हिशेब मांडला गेला. बाळंतपणानंतर सुमारे पाच वर्षांनी धोका मूल नसलेल्या बाईच्या 1.8 पट होता आणि ती वाढ पुरती ओसरायला वीसहून अधिक वर्षं लागली. या पटीनं घाबरण्याआधी दुसरा आकडा पाहावा : 41 ते 45 या वयात हा फरक लाखामागे 41 बायकांचा होता.

शरीरात काय घडतं, हे आता बरंच उलगडलं आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन कितीतरी पटींनी वाढतात. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी प्रोलॅक्टिन सोडते आणि वार स्वतःची हॉर्मोन ओतते. गंमत अशी, की प्रोजेस्टेरॉनचा हुकूम ऐकणाऱ्या पेशी स्तनात थोड्याच असतात आणि त्या स्वतः फारशा विभागत नाहीत. त्या ‘रँक-एल’ नावाचं प्रथिन सोडतात आणि शेजारच्या पेशींना कामाला लावतात. हेच प्रथिन आधी हाडांच्या झिजेसंदर्भात माहीत होतं. 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं, की उंदरात याच रस्त्यानं स्तनातल्या मूळ पेशींची फौज वाढते, एका गटाला गरोदरपणात ती अकरा पट झालेली दिसली. आता यातल्या एखाद्या पेशीत आधीच बिघाड असेल, समजा बीआरसीए-1 या दुरुस्ती करणाऱ्या जनुकात, तर तिच्याही प्रती निघतात. वय जितकं जास्त, तितकी अशी बिघडलेली पेशी आधीच ठाण मांडून बसल्याची शक्यता जास्त. मॅकमेहन यांचा पस्तिशीचा आकडा इथे उलगडतो.

राखणीची बाजूही याच घडामोडीत आहे. होसे आणि इर्मा रुसो या दांपत्यानं 1980 च्या सुमारास उंदीरवर्गीय प्राण्यांवर दाखवलं, की पूर्ण दिवस भरून व्यायलेल्या मादीला नंतर कर्करोगकारक रसायन दिलं, तर गाठी फार कमी होतात. दूध तयार करण्यासाठी पूर्ण पिकलेल्या पेशी सहजासहजी बहकत नाहीत.

सर्वांत अनपेक्षित धागा सापडला तो मूल दूध सोडतं त्यानंतरच्या आठवड्यांत. दूध बनवणाऱ्या बहुसंख्य पेशी तेव्हा मरतात आणि स्तन पूर्वपदावर येतो. लग्न उरकल्यावर मांडव उतरवतात तसं हे काम आहे : बांबू निघतात, दोर कापले जातात, खड्डे बुजवतात, आणि त्या गडबडीत कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, याकडे कुणाचं लक्ष नसतं. साफसफाईला रक्तातल्या भक्षक पेशी येतात, कोलॅजेनचे नवे धागे विणले जातात, जखम भरताना होते तशी सूज येते. कोलोरॅडोत पेपर शेडिन यांच्या गटानं 2011 मध्ये दाखवलं, की स्तनातल्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्करोगपेशी या काळात उंदराच्या स्तनात सोडल्या, तर त्या जास्त आक्रमक होतात आणि त्यामागे कोलॅजेन व कॉक्स-2 हे सूजेचं एन्झाइम असतं. सूज कमी करणारं साधं औषध दिल्यावर गाठी लहान राहिल्या. म्हणूनच गरोदरपणात सापडलेला कर्करोग आणि बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत सापडलेला कर्करोग यांना एकाच नावाखाली बसवणं आता तज्ज्ञांना पटत नाही. दुसरा जास्त पसरतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

परळमध्ये हॉर्मोनचा धागा सुटला नव्हता. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये असताना डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडलं होतं, की मासिक चक्राच्या कोणत्या टप्प्यात शस्त्रक्रिया झाली यावर पुढचं आयुष्य अवलंबून असावं. ‘टाटा’त आल्यावर त्यांनी त्याची कसोटी घेतली. हजार बायकांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं. 2011 मधला निकाल मिश्र होता : सगळ्यांचा मिळून ठळक फायदा नाही, पण काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेल्यांना फायदा दिसला. दरम्यान 2002 मध्ये संशोधनाचा पसारा खारघरला, ‘टाटा’च्याच ॲक्ट्रेक या केंद्रात हलला होता. तिथे डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेनं 2018 मध्ये दाखवलं, की प्रोजेस्टेरॉन ‘एसजीके-1’ या जनुकाला जागं करतं, ते ‘एनडीआरजी-1’ला, आणि त्यातून कर्करोगपेशींची घुसखोरी मंदावते. गरोदरपणात पेशी वाढवणारं हॉर्मोन दुसऱ्या वेळी, दुसऱ्या मात्रेत त्यांचे पाय धरून ठेवतं. हॉर्मोनला चांगलं-वाईट ठरवणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

रणदिवे यांना हे पाहायला मिळालं नाही. त्यांनी 1973 मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली, तिची इमारत आज वाशीत आहे. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेत हिंडल्या. 2001 मध्ये त्या गेल्या.

गरोदर बाईवर शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्या 1943 च्या त्या निकषाचं काय झालं? टोरोंटोच्या व्हेरा पीटर्स यांनी साठच्या दशकात गरोदर रुग्णांची तुलना तशाच वयाच्या, तशाच टप्प्यावरच्या इतर रुग्णांशी केली, तेव्हा फरक बराच मिटला. गर्भपात केल्यानं आजार सुधारतो हेही खरं ठरलं नाही. खरा घात उशिराचा होता. स्तन आधीच भरलेला, जड, गाठाळ. बाईला, दाईला, डॉक्टरला सगळं दुधाच्या खाती टाकणं सोपं. आज सोनोग्राफी आणि सुईनं तुकडा काढून केलेली तपासणी गरोदरपणात निर्धास्त करतात. शस्त्रक्रिया कोणत्याही महिन्यात होऊ शकते. केमो पहिले तीन महिने टाळून नंतर देता येतो आणि बाळंतपणाच्या आधी काही आठवडे थांबवतात. शेक म्हणजे रेडिएशन, तसंच टॅमॉक्सिफेन आणि ट्रास्टुझुमॅब ही औषधं बाळंतपणानंतरच. बेल्जियमच्या फ्रेडेरिक अमांत यांनी 2015 मध्ये आईला गरोदरपणात कर्करोग झालेली 129 मुलं तितक्याच इतर मुलांशी ताडून पाहिली. बुद्धीच्या वाढीत आणि हृदयाच्या कामात फरक आढळला नाही. ज्यांची वाढ थोडी मागे होती, त्यांत अपुऱ्या दिवसांचा जन्म हेच कारण दिसलं.

उलटा प्रश्नही आता विचारला गेला आहे : एकदा आजार होऊन गेलेल्या बाईनं मूल होऊ द्यावं का? 2023 मध्ये ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. हॉर्मोनरोधक गोळ्या दीड ते अडीच वर्षं घेतल्यावर पाचशेहून अधिक बायकांनी त्या दोन वर्षांपर्यंत थांबवल्या. ज्या 497 जणींचा गरोदरपणाच्या दृष्टीनं पाठपुरावा झाला, त्यांतल्या 317 जणींना मूल झालं. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण 8.9 टक्के होतं, आणि गोळ्या न थांबवलेल्या तशाच बायकांच्या जुन्या नोंदींत 9.2 टक्के. अशा प्रकारचा आजार दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून या बायकांच्या नोंदी अजून ठेवल्या जात आहेत.